फ्लोरेलाचं घर
अमेरिकेत कॅन्ससमधल्या ऑसावाटोमीला लाकडी ओंडक्यांचं एक जुनं घर जपून ठेवलंय, सॅम्युएल अडेअर नावाच्या पाद्र्याचं आणि त्याची बायको फ्लोरेला हिचं. फ्लोरेला म्हणजे गुलामीविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या जॉन ब्राऊनची सावत्र बहीण. इतिहासात नाव भावाचं झालं, पण मला मात्र हिचंच फार वाटत राहतं.

१८५४ च्या कायद्याने ठरलं की कॅन्ससमध्ये गुलामी हवी की नको ते तिथे राहायला येणारेच ठरवतील, मग काय, दोन्हीकडून माणसं येऊन वस्ती करायला लागली, शेजारच्या मिसूरीतून तर बंदुका घेऊन टोळ्याच यायच्या. अडेअर नवराबायको गुलामीच्या पक्के विरोधात, पळून आलेल्या गुलामांना या घरात आसरा मिळायचा. म्हणजे त्या उघड्या माळावर आधीच जिवावरचं काम चालू होतं.

त्यात मे १८५६ मध्ये ब्राऊन आणि त्याच्या लोकांनी, त्यात त्याची काही मुलंही होती, पोटावाटोमी ओढ्याकाठच्या वस्तीतून गुलामीच्या बाजूच्या पाच जणांना रात्री घरातून बाहेर काढून मारून टाकलं. त्यानंतर ब्राऊनची मुलं, म्हणजे फ्लोरेलाचे भाचे, आत्याच्या दाराशी आले. जेसन आणि थोरला मुलगा जॉन हत्येत नव्हते, त्यांना आत घेतलं, पण ओवेन त्यात होता आणि त्याला अडेअरने दारातूनच परत पाठवलं! बाजू तीच, रक्ताचं नातं, तरी नाही म्हणाला. मला हे धैर्य बंदूक चालवण्यापेक्षा मोठं वाटतं, आणि त्या वेळी आत बसलेल्या फ्लोरेलाला काय वाटलं असेल याचा विचार करवत नाही.

३० ऑगस्टला सकाळी मिसूरीतल्या गुलामीवाल्या जॉन रीडचे दोनशेहून जास्त स्वार गावावर चालून आले. तिचा आणखी एक भाचा फ्रेडरिक, त्याला तिच्याच घराजवळच्या रस्त्यावर गोळी घातली, आणि घालणारा मार्टिन व्हाइट हाही धर्मोपदेशकच. ब्राऊन थोड्या माणसांनिशी नदीकाठच्या झाडीतून लढला, मागे हटला, मग गाव लुटून जाळलं. हे घर वाचलं.

१९१२ मध्ये ते उचलून लढाईच्या जागेवरच्या पार्कात हलवलं, १९२८ मध्ये त्याच्याभोवती दगडी इमारत बांधली, म्हणून आज बघायला मिळतं. फक्त संग्रहालयाला नाव जॉन ब्राऊनचं आहे, जो तिथे पाहुणा म्हणून यायचा. माझ्या मते पाटीवर अडेअर नवराबायकोचं नाव आधी हवं.