झाकण थोडे मागे, थोडे पुढे

एका सहकाऱ्याने पाठवलेल्या लांबलचक कोष्टकात एकाआड एक ओळी फिकट राखाडी रंगाने भरलेल्या होत्या. माझ्या जुन्या लॅपटॉपवर वरच्या पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या आणि खाली येता येता त्या पांढऱ्यात विरून जात होत्या. त्याने काम अर्धवट सोडले असावे, असे मी गृहीत धरले. पान वर सरकवले, तेव्हा त्याच खालच्या ओळी वरच्या कडेजवळ येऊन व्यवस्थित राखाडी दिसू लागल्या आणि मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

दोष टीएन (ट्विस्टेड नेमॅटिक) जातीच्या पॅनेलचा, म्हणजे द्रवस्फटिक पडद्याच्या एका प्रकाराचा होता. या रचनेचा शोध १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी लावला आणि घड्याळे व कॅल्क्युलेटर यांच्या छोट्या पडद्यांवर ती उत्तम चालली. तिच्यात दोन काचांमधले द्रवस्फटिकाचे रेणू ९० अंशांचा पीळ घेऊन बसलेले असतात आणि विद्युत्दाब वाढेल तसे ते उभे राहू लागतात. मधल्या छटांसाठी मात्र ते अर्धवट उठून एकाच बाजूला कललेले राहतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला पडदा धुवट दिसतो, तर खालून पाहणाऱ्याला काळवंडलेला, कधी कधी तर फोटोच्या निगेटिव्हसारखा.

त्यासाठी वाकडे बसण्याचीही गरज नसते. १५.६ इंची पडद्याची उंची साधारण १९.४ सेंटिमीटर असते. डोळे अर्ध्या मीटरवर आणि अगदी मध्यावर धरले, तरी वरच्या आणि खालच्या कडेकडे जाणाऱ्या नजरेत जवळजवळ २२ अंशांचा फरक पडतो. म्हणजे ताठ बसलेला माणूसही वरची कड खालून आणि खालची कड वरून पाहत असतो. फोटोतल्या सावल्या उजळताना त्या मी उजळल्या की झाकणाचा कोन बदलणाऱ्या बिजागरीने, हे मला कधीच नक्की सांगता आले नाही.

अरुंद दृश्यकोनामुळे शेजाऱ्याला आपला पडदा वाचता येत नाही, असे समर्थन अनेकदा ऐकू येते. ते मला पटत नाही, कारण टीएनची खरी खोड उभ्या दिशेत आहे. बाजूला बसलेल्याला रंग बिघडलेले दिसले तरी अक्षरे बऱ्यापैकी वाचता येतात.

आयपीएस (इन-प्लेन स्विचिंग) या दुसऱ्या जातीच्या पॅनेलमध्ये रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, म्हणून तेथे हा बिघाड फारच कमी असतो. मात्र माहितीपत्रकातल्या १७८ अंशांच्या दृश्यकोनावर मी विसंबत नाही. कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्या भागाच्या उजेडाचे गुणोत्तर) १०:१ पर्यंत घसरेपर्यंतचा कोन त्यात सहसा मोजलेला असतो आणि रंग किती बदलले याचा हिशेब त्यात नसतो. नवा लॅपटॉप घेताना मी पडदाभर एकच राखाडी रंग उघडला आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावरच्या प्रश्नचिन्हाकडे दुर्लक्ष करून झाकण हळूहळू मागेपुढे केले. पहिल्या दोन लॅपटॉपवर राखाडीची वरची कड लगेच गडद झाली. तिसऱ्यावर ती जागची हलली नाही.