समासात राहिलेलं दुसरं वाक्य

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधायच्या, त्यात आपली भर घालायची नाही, हे या कामात पहिल्यांदा शिकवतात. तरी मागच्या महिन्यात मुलांच्या एका विज्ञानकोशाची मुद्रितं वाचताना मी समासात पेन्सिलीने एक अख्खं वाक्य लिहिलं. प्रकरण होतं पृथ्वीवरच्या पाच महाविनाशांचं, म्हणजे असंख्य जीवजाती एकदम संपल्या अशा पाच घटनांचं. डायनासोरांना अडीच पानं आणि त्यांच्या कितीतरी आधीच्या ऑर्डोव्हिशियन काळाच्या शेवटाला एक ओळ : 'हवामान थंड झाल्यामुळे समुद्रातील अनेक जीव नष्ट झाले.' ओळ चुकीची नाही, पण गोष्ट अर्धीच आहे. उत्तर आलं, जागा नाही.

इथे जागा आहे, म्हणून लिहिते.

माझ्या टेबलावर तळहाताएवढा काळा शेल असतो, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक. भूशास्त्र शिकत होते तेव्हा सरांनी दिलेला. त्यावर राखाडी रंगाच्या तीन बारीक रेघा आहेत. कुणी शिसपेन्सिलीने ओढल्यात असंच वाटतं, पण दहापट भिंगाखाली धरलं की रेघेच्या कडांना करवतीच्या पात्यासारखे दाते दिसतात. हे ग्रॅप्टोलाइट. नावाचा अर्थच दगडावरचं लिखाण. प्रत्येक दाता म्हणजे एका इवल्या प्राण्याचं घर, आणि अख्खी रेघ ही त्यांची वसाहत. अशा वसाहती खुल्या समुद्रात तरंगत असायच्या.

त्यांचा समुद्र फार श्रीमंत होता. प्राण्यांच्या मुख्य शरीररचना त्याआधीच्या कँब्रियन काळातच अवतरल्या, आणि त्या घटनेचं कौतुक सगळेच करतात. पण समुद्र खऱ्या अर्थाने भरला तो नंतर, सुमारे 48.5 कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या ऑर्डोव्हिशियनमध्ये. सागरी प्राण्यांच्या कुलांची संख्या साधारण तिप्पट झाली. जीवाश्मशास्त्रज्ञ जॅक सेपकोस्कींनी वर्षानुवर्षं ग्रंथालयांत बसून जीवाश्मांच्या नोंदी जमवल्या, त्यांच्या आलेखावर ही चढण ठळक दिसते. समुद्राची पातळी उंच होती, खंडांचे मोठे भाग उथळ पाण्याखाली होते, आणि आधी तापलेलं पाणी हळूहळू सोसण्याजोगं होत होतं. प्रवाळ आले, वसाहती करून राहणारे इवले ब्रायोझोआ आले, शिंपल्यांसारख्या दिसणाऱ्या पण शिंपल्यांच्या नात्यातल्या नसलेल्या ब्रॅकिओपॉडांनी तळ व्यापला. काही मीटर लांबीच्या सरळ कवचांचे नॉटिलॉइड, म्हणजे आजच्या माकुळांचे दूरचे नातेवाईक, शिकार करत फिरत होते. खंडाखंडांच्या कवचाचे, आता नामशेष झालेले संधिपाद प्राणी ट्रायलोबाइट तर होतेच. त्यांतले काही खुल्या पाण्यात पोहणारे, अर्धं डोकं डोळ्यांनीच व्यापलेलं.

मग सुमारे 44.5 कोटी वर्षांपूर्वी गोंडवना या दक्षिणेकडच्या महाखंडावर बर्फ साचला. तेव्हा दक्षिण ध्रुव आजच्या उत्तर आफ्रिकेच्या भागात होता. सहारात, अल्जीरियाच्या खडकांवर हिमनद्यांनी घासलेले ओरखडे आहेत. वाळवंटात हिमनदीच्या खुणा! मला ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी पुन्हा वाचावीशी वाटते. पाणी बर्फात अडकल्याने समुद्र 50 ते 100 मीटर खाली गेला असावा असा अंदाज आहे. उथळ समुद्र उघडे पडले. मोठ्या डोळ्यांचे ते ट्रायलोबाइट संपले, ग्रॅप्टोलाइटांची बहुतेक घराणी संपली.

कोशातली ओळ इथे थांबते. पण समुद्र थांबला नव्हता. या थंडीतही जगणारे निघाले. ब्रॅकिओपॉडांचा एक मेळा, हिर्नान्शिया नावाने ओळखला जाणारा, गार पाण्यात इतका रुळला की तेव्हाच्या जगाच्या दूरदूरच्या किनाऱ्यांवर त्याचे जीवाश्म मिळतात. मग बर्फ वितळला. पाणी चढलं, ऊब परतली आणि तळाशी प्राणवायू उरला नाही. थंडीला सरावलेले ते बहुतेक सगळे या दुसऱ्या तडाख्यात गेले. मी समासात लिहिलेलं वाक्य एवढंच होतं : 'थंडीत जे तगले, त्यांतले अनेक बर्फ वितळल्यावर मेले.' सगळं मिळून सुमारे 85 टक्के सागरी जाती गेल्या, आणि या सगळ्याला वीसेक लाख वर्षं पुरली. पृथ्वीच्या हिशेबात हा काळ फार छोटा आहे. माझ्या मते पाचांपैकी सर्वांत करुण महाविनाश हाच, आणि या करुणेचं कारण थंडी नाही, तिचा शेवट आहे.

त्या गुदमरलेल्या तळावर काळा, सेंद्रिय द्रव्याने भरलेला चिखल साचला. उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातल्या कितीतरी तेलाचा उगम याच काळ्या शेलात आहे.

स्कॉटलंडमधल्या डॉब्ज लिन या घळीत हे थर ओळीने वाचता येतात : काळा शेल, मग जीवाश्मांचा दुष्काळ असलेले फिकट थर, मग पुन्हा काळा. चार्ल्स लॅपवर्थ या शाळामास्तरांनी तिथले ग्रॅप्टोलाइट थरानुसार लावले आणि 1879 मध्ये 'ऑर्डोव्हिशियन' हे नाव सुचवलं. ऑर्डोव्हिशियननंतरच्या सिल्युरियन काळाची सुरुवात कुठून धरायची याचा जागतिक मानबिंदू आज त्याच घळीत आहे, आणि ती सीमा एका ग्रॅप्टोलाइटच्या पहिल्या हजेरीवरून ठरते. वाचलेल्या मूठभर जातींपासून सिल्युरियनच्या समुद्रात ग्रॅप्टोलाइटांचा पसारा पुन्हा उभा राहिला होता.

तरंगणारे ग्रॅप्टोलाइट पुढे कायमचे गेले. तळाला चिकटून राहणारं एक घराणं मात्र अजून आहे. त्याचं नाव ऱ्हॅब्डोप्लूरा. प्राणी मिलिमीटरहूनही लहान, समुद्रतळावरच्या शिंपल्यांना चिकटून राहतो आणि स्वतःच स्रवलेल्या द्रव्याची कडी एकावर एक रचत आपली नळी बांधतो.