तुम्ही विचारलंत म्हणून : सोळाव्या क्रमांकावरची माओ

सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या आणि बर्फ फक्त रसवंतीगृहात पाहिलेल्या माणसाला फिगर स्केटिंगचे वेड कसे लागले, हे लोक एकदा विचारतात आणि सोडून देतात. दुसरा प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा येतो. जपानच्या माओ असादा या स्केटरला ऑलिंपिकचे सुवर्णपदक कधीच मिळाले नाही, मग तुम्ही सतत तिचेच नाव का घेता?

उत्तर एका उडीपासून सुरू करावे लागते. फिगर स्केटिंगमधल्या इतर उड्या मागे सरकत असताना घेतात; एकट्या अ‍ॅक्सलला तोंड पुढे असते आणि उतरायचे मात्र पाठीमागे, म्हणून तिहेरी अ‍ॅक्सलमध्ये तीन नव्हे, साडेतीन फेऱ्या भरतात आणि त्याही एका सेकंदाच्या आत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ही उडी प्रथम साधणारी स्त्री म्हणजे नागोयाची मिदोरी इतो. ते वर्ष होते १९८८. माओसुद्धा नागोयाचीच. पंधरा वर्षांची असताना, डिसेंबर २००५ मध्ये, तिने टोकियोत ग्रां प्री या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेची अंतिम स्पर्धा जिंकली. परंतु दोनच महिन्यांवर आलेल्या तुरीन ऑलिंपिकला तिला जाता आले नाही, कारण वयाच्या नियमात ती ८७ दिवसांनी कमी पडली.

२००८ च्या जागतिक स्पर्धेत, गोथेनबर्ग येथे, फ्री स्केटिंगच्या, म्हणजे स्पर्धेतल्या दुसऱ्या, लांब कार्यक्रमाच्या, सुरुवातीलाच अ‍ॅक्सलसाठी झेप घेण्याच्या क्षणी तिचा पाय घसरला आणि ती घसरत थेट कडेच्या फळीपर्यंत गेली. उठली, उरलेला कार्यक्रम नीट केला आणि विजेती ठरली. लहानपणी काही वर्षे मल्लखांब केल्यामुळे मला एवढे कळते की पडण्याचे दुःख फारसे नसते. पडल्यानंतरची पहिली पकड घेताना हात कापतात, खरी कसोटी तिथे असते.

या उडीचा व्यवहार मात्र तोट्याचा होता. त्या काळच्या गुणपद्धतीत फेरी थोडी अपुरी राहिली की तिहेरी उडीला दुहेरीचेच गुण मिळत, म्हणजे सगळी जोखीम पत्करूनही हाती फारसे काही लागत नसे. सोप्या उड्या घेऊन सफाईने खेळावे, असा शहाणपणाचा सल्ला कोणीही दिला असता, आणि मला तो चुकीचाही वाटत नाही. २०१० मध्ये व्हँकुव्हरला तिने एकाच स्पर्धेत तीन तिहेरी अ‍ॅक्सल साधले, जे तोवर कोणा स्त्रीने केले नव्हते, आणि तरीही दक्षिण कोरियाच्या किम युनाच्या मागे तिला रौप्यपदक मिळाले. त्या दिवशी किम सरस होती, हे तिच्या चाहत्यानेही मान्य करावे.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. ऑलिंपिकचे रौप्यपदक आणि दोन जागतिक विजेतीपदे पदरी असलेल्या या मुलीने नोबुओ सातो या ज्येष्ठ प्रशिक्षकांकडे जाऊन आपल्या सगळ्या उड्या मुळापासून पुन्हा शिकायला घेतल्या. परिणाम लगेच दिसला, पण उलटा : त्याच वर्षीच्या एनएचके चषक या जपानमधल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, स्वतःच्याच नागोयात, ती आठवी आली. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०११ मध्ये, स्पर्धेसाठी क्वेबेकला गेली असताना आईची प्रकृती ढासळल्याचे कळले. ती माघार घेऊन परतली, पण पोहोचण्याआधीच आई गेली. त्याच महिन्यात ती जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि जिंकली. याविषयी अधिक लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

आता सोची, फेब्रुवारी २०१४. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या भागात, ती अ‍ॅक्सलवर पडली, पुढच्या उड्याही बिघडल्या, आणि ५५.५१ गुणांसह ती सोळावी राहिली. पदकाचा विषय तिथेच संपला. जपानच्या एका माजी पंतप्रधानांनी तर, ही मुलगी ऐन मोक्याच्या वेळी नेहमी पडते, असे जाहीरपणे म्हटले. दुसऱ्या दिवशी, पदकाच्या दावेदारांच्या कितीतरी आधी, ती फ्री स्केटिंगसाठी रशियन संगीतकार राखमानिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कंचेर्टोच्या संगीतावर उतरली. गमावण्यासारखे काही नव्हते, असे यावर म्हटले जाते. मला ते पटत नाही. मिळवण्यासारखेही काही उरले नव्हते, आणि अशा वेळी माणूस सोपी वाट धरतो. तिने सुरुवातच तिहेरी अ‍ॅक्सलने केली. आदल्या दिवशी जिने पाडले होते, तीच उडी, आणि या वेळी ती पायांवर उतरली. त्यानंतर एकामागून एक तिहेरी उड्या. दोन-तीन ठिकाणी पंचांना फेरी किंचित अपुरी वाटली असेल, पण पडणे नाही, थांबणे नाही. संगीत संपताच तिने मान वर केली आणि तिला रडू कोसळले. मग डोळे पुसून, हसून तिने प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. गुण मिळाले १४२.७१, तिच्या तोवरच्या कारकिर्दीतले सर्वाधिक. केवळ फ्री स्केटिंगचा विचार केला तर त्या दिवशीची ती तिसरी. एकूण क्रमांक सहावा.

महिन्याभराने जपानमधल्या सायतामा येथे ती तिसऱ्यांदा जगज्जेती झाली आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली. तरीही कोणी तो प्रश्न विचारला की मी सायतामाचे चित्रण दाखवत नाही, सोचीचे दाखवतो. चार मिनिटांचा कार्यक्रम आहे. पाहणाऱ्याला आधी एवढेच सांगतो, की ही मुलगी सध्या सोळावी आहे.