तुम्ही विचारलंत म्हणून: ओंदारिबियात दोघांचे दोन दिवस

"सॅन सेबास्टियनला जातोय, त्याला जोडून दोघांसाठी दोन निवांत दिवस कुठे काढावेत? आणि पलीकडे फ्रान्सला जायला वेगळा व्हिसा लागतो का?" हे प्रश्न बहुतेक वेळा एकत्रच येतात.

पहिल्याचं उत्तर ओंदारिबिया, स्पेनमधलं सीमेवरचं छोटं गाव. दुसऱ्याचं उत्तर, नाही. स्पेन आणि फ्रान्स दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटात आहेत, एकच व्हिसा चालतो. पण पासपोर्ट खोलीवर ठेवून निघू नका. फ्रान्सने २०१५ पासून सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, ती कधी होईल याचा नेम नसतो आणि मोबाइलमधल्या फोटोवर भागत नाही.

गाव बिदासोआ नदीच्या मुखाशी आहे, पलीकडचा काठ फ्रान्सचा. सॅन सेबास्टियनहून ई-२१ बस थेट येते. माद्रिदहून विमानाने येणार असाल तर शहरात जायचीही गरज नाही, कारण 'सॅन सेबास्टियन' नावाचा विमानतळ याच गावात आहे. मुक्काम तटबंदीच्या आतल्या जुन्या गावात करावा, असं माझं ठाम मत. खाली मरिनात, म्हणजे कोळ्यांच्या जुन्या वस्तीत, शनिवारी रात्री गजबज असते. वर मात्र चढाची, दगडी फरसबंदीची वाट आहे. चाकांची मोठी बॅग तिथे जीव काढते, पाठीवरची बरी.

जेवायला मात्र मरिनातच उतरा. सान पेद्रो रस्त्यावर रंगीत लाकडी सज्जांच्या घरांखाली पिंचोंचे, म्हणजे छोट्या घासाएवढ्या पदार्थांचे, बार ओळीने आहेत. एकाच ठिकाणी पोट भरायचं नसतं. दोघांत दोन-तीन पिंचो, चाकोलीचा, म्हणजे इथल्या पांढऱ्या वाइनचा, एकेक पेला, की पुढचा बार. काउंटरवर मांडलेले पदार्थ थंड असतात. गरम हवं तर फळ्यावरचं वाचून सांगावं लागतं, आणि खरी मजा त्यातच आहे. पैसे शेवटी. दुपारचं स्वयंपाकघर साधारण साडेतीनला बंद होतं, रात्रीचं साडेआठच्या आधी क्वचितच उघडतं. सहाला भूक लागली तर हाल होतात, म्हणून दुपारी उशिरा आणि भरपेट जेवा.

शाकाहारी असाल तर नुसतं 'सिन कार्ने' म्हणू नका. मांस नको एवढंच त्यातून कळतं आणि ट्यूना घातलेलं सॅलड समोर येतं. 'सिन हामोन, सिन पेस्कादो' (हॅम नको, मासे नकोत) असं दोन्ही सांगा. क्रोकेतांमध्ये, म्हणजे तळलेल्या क्रोकेट्समध्ये, बहुधा हॅम असतंच. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया (जाड ऑम्लेट), नाहीतर गेर्निकाच्या मिरच्या: ऑलिव्ह तेलात तळलेल्या, साल फुगून सुरकुतलेली, वर जाड मीठ. सहसा तिखट नसतात. देठ धरून अख्खी तोंडात टाकायची.

दुसऱ्या दिवशी मरिनाच्या धक्क्यावरून छोटी बोट पकडून आंदायला जा. दहा मिनिटांच्या आत फ्रान्स. तिकीट बोटीतच मिळतं, सुटे युरो ठेवा. उतरल्यावर लांबच लांब वाळूचा किनारा आहे. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे जातानाच विचारा. ऋतूप्रमाणे वेळ बदलते. चुकलीच, तर आंदाय स्टेशनबाहेरून 'तोपो' नावाची छोटी गाडी इरूनला जाते, तिथून बस.

इरूनजवळ नदीत फेजंट बेट आहे. १६५९ चा पिरेनीजचा तह तिथे झाला. १ फेब्रुवारी ते ३१ जुलै ते स्पेनकडे असतं, उरलेले सहा महिने फ्रान्सकडे. एरवी बेटावर उतरू देत नाहीत, काठावरूनच बघायचं.

पावसाची झिमझिम बाराही महिने गृहीत धरा. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट कामाचं, कारण समुद्रावरचा वारा छत्री टिकू देत नाही. आणि ८ सप्टेंबरच्या आसपास येऊ नका: १६३८ चा वेढा उठल्याच्या स्मरणार्थ त्या दिवशी आलार्देची मिरवणूक निघते, बंदुकांच्या फैरी झडतात आणि खोली मिळणं मुश्कील होतं.