संबळ वाजवणारा बाहुला

गणपतीच्या देखाव्यातला बाहुला वाद्य वाजवतो म्हणजे बहुतेक वेळा नुसता हात हलवतो. आत वायपरची मोटर असते आणि आवाज मागच्या स्पीकरमधून येतो. आमच्या वर्कशॉपनं असे कैक वादक केले. यंदा मंडळाची अट होती: गोंधळी खरोखर संबळ वाजवणारा हवा.

ऐकायला सोपं वाटलं. संबळ काड्यांनी वाजतो, म्हणजे बोटांची भानगड नाही. १७३८ साली पॅरिसला व्होकाँसाँ या फ्रेंच यंत्रकारानं खरी बासरी वाजवणारा बाहुला दाखवला, तेव्हा त्याला भाते, हलते ओठ, जीभ आणि भोकं नीट बंद व्हावीत म्हणून लाकडी बोटांवर कातडं, एवढा खटाटोप करावा लागला होता. आम्हाला फक्त दोन काड्या आपटायच्या होत्या! खांद्याला आणि कोपराला सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या मोटरी; मनगटात १२ व्होल्टचा सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळताच दांडी झटक्यात ओढणारी तारेची गुंडाळी; सगळ्यांवर हुकूम चालवायला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड.

चाचणीला एका गोंधळीकाकांना बोलावलं. पाऊस चालू होता. बाहुल्यानं ठेका धरला, काकांनी क्षणभर ऐकलं आणि हात वर केला.

“थांबवा सायेब. काडी चामड्यावर बसतीया. बसली की आवाज मेला.”

त्यांनी स्वतः काडी मारून दाखवली. ती चामड्याला लागते न लागते तोच वर आलेली असायची. आम्ही सोलेनॉइडला ६० मिलिसेकंद वीज देत होतो, म्हणजे ठोका मारून काडी तशीच दाबून धरत होतो. वेळ २५ वर आणली, परतीची स्प्रिंग कडक घातली. ठोका मोकळा झाला. दुसऱ्या काडीचं टोक वाकडं असतं. ती मनगटात जराशी फिरली तरी टोकाऐवजी कड लागते. तिची मूठ चपटी तासून खाचेत बसवली.

तेवढ्यात संबळच उतरला. हवेतल्या दमटपणानं चामडं सैल पडलं होतं, त्यापुढे प्रोग्रॅम काय करणार? काकांनी हॅलोजन ओढला, दोन्ही भांडी त्याच्यासमोर फिरवून फिरवून शेकली आणि बोटानं टिचकी मारत बसले. मंडपात हे काम रोज आरतीआधी कुणीतरी करायला लागणार, हे मी तिथंच वहीत लिहून घेतलं.

मग काका समोर जाऊन उभे राहिले. “आवाज आधी येतोय, हात मागनं.”

खरं होतं. सोलेनॉइड चटकन उडतो, सर्व्होला हात खाली आणायला वेळ लागतो. खांद्याचा हुकूम १५० मिलिसेकंद आधी सोडला, तेव्हा कुठं बाहुला वाजवतोय असं दिसू लागलं. माझ्या मते प्रेक्षक फसतो तो इथंच. ठेका थोडा चुकला तर चालतो, खांदा चुकला की खेळ संपला.

जाताना काकांनी विचारलं, “नाचतो का?”

“नाही.”

“मग अर्धाच गोंधळी केलासा.”

त्यांचं खोटं नव्हतं. पण चारही सर्व्हो एकदम उचलले की सप्लाय दबून आर्डुइनो रिसेट होत होता, त्यात पायांना मोटर कुठली लावणार! मंडळाला कळवलं, नाच पुढच्या वर्षी, आणि सप्लायचा खर्च वेगळा.