खड्ड्यांच्या गावात चाक बांधताना

पावसाळा सरत आला की माझ्याकडे मागची चाकं यायला लागतात. पुढचं क्वचितच. सायकल पंधरा हजारांची असो की दीड लाखाची, मालक नाशिकच्या गंगापूर रोडचा असो की सिडकोतला, तक्रार एकच असते. चाकाची तार (स्पोक) तुटली, नवी टाकून घेतली, आठ दिवसांत तिच्या शेजारची गेली. मग दुकानदार सांगतो, चाकच बदला.

चाक बदलू नका. आधी निदान बघून घ्या, एवढंच सांगण्यासाठी हे लिहायला बसले आहे.

मी अंबडमधल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर डायल गेज आणि मायक्रोमीटर हातात असतो, त्यामुळे शंभरावा भाग मिलिमीटर हा माझ्या रोजच्या बोलण्यातला शब्द. संध्याकाळी घरी आले की बाल्कनीत चाकं बांधते. ओळखीच्यांची, त्यांच्या ओळखीच्यांची. ड्युटीला सायकलवर जाते, म्हणून अंबड लिंक रोड कुठे उखडलाय आणि कुठे नुसतंच डांबर थापलंय हे मला मनगटांतून कळतं. त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी गावभर खोदकाम निघालेलं. अशा रस्त्यांवर चाक टिकतं की नाही, हे ठरतं ते तारांच्या ताणावर. रिम कुठल्या कंपनीची आहे याने फार फरक पडत नाही.

मागच्या चाकाची गोष्ट मुळातच अवघड आहे. उजवीकडे गिअरचा कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, बसायचा असतो, म्हणून हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, उजवा काठ आत सरकवलेला असतो. रिम मात्र फ्रेमच्या बरोब्बर मध्ये हवी. मग उजव्या तारा जवळजवळ उभ्या राहतात आणि डाव्या तिरक्या. रिम मध्यावर धरून ठेवायची तर उजव्या बाजूला ताण जास्त द्यावा लागतो. बऱ्याच गिअरच्या सायकलींत डाव्या तारांचा ताण उजव्यांच्या निम्म्याहून थोडासाच जास्त असतो. आता उजवीकडेच कारखान्यातून ताण कमी आला असेल, तर डावीकडे काय उरणार? त्या तारा बोटाने दाबल्या तरी वाकतात. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या ज्या हायब्रिड सायकली मी तपासते, त्यांच्यातल्या बहुतेकींचं हेच दुखणं असतं.

सैल तार तुटते कशी, हे समजायला जरा उलटा विचार करावा लागतो. आपल्याला वाटतं, आपलं वजन वरच्या तारांना टांगलेलं आहे. तसं नसतं. आपण सीटवर बसलो की हबच्या खालच्या, जमिनीकडच्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो आणि बाकीच्यांचा जवळपास होता तसाच राहतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक तार एकदा सैल होते आणि परत ताणली जाते. 700 सीच्या जाड टायरचा घेर साधारण 2.2 मीटरच्या आतबाहेर. नाशिकहून त्र्यंबकला जाऊन परत यायचे साठेक किलोमीटर धरले, तर एका सकाळी एकेका तारेला 27-28 हजार हेलकावे बसतात. भरपूर ताण असलेली तार हे सहज सोसते, कारण थोडा ताण उतरला तरी ती ताणलेलीच असते. सैल तार मात्र खड्ड्यात पार ढिली पडते, हबच्या भोकात हलते, तिचा निपल, म्हणजे रिमपाशी तिला आवळून धरणारा छोटा नट, आपोआप उलटा फिरत जातो आणि ती आणखी ढिली होते. एक दिवस कोपरात, जिथे ती हबमध्ये वाकून शिरते तिथेच, तुटते. तिचा भार शेजारणीवर येतो. म्हणून तुटलेल्या एका तारेच्या जागी नवी टाकून काही होत नाही. बाकीच्या तेवढ्याच थकलेल्या असतात.

मागच्या वर्षी एका नर्सताईंची सायकल आली होती. पंचवटीतून रोज सकाळी सहाच्या पाळीला निघायच्या. शोरूममध्ये त्यांना चाक बदला म्हणून सांगितलं होतं आणि जो आकडा सांगितला तो सायकलच्या किमतीच्या पावपट होता. रिम चांगली होती, हबही. फक्त तारा बदलायच्या होत्या, सगळ्या. मी 32 तारा नव्या आणल्या, स्टेनलेसच्या, दोन मिलिमीटर जाडीच्या, पितळी निपलसकट. जुनी रिम, जुना हब. छर्रे मात्र बदलले, ते काळे पडले होते. चाक बांधून दिलं आणि म्हटलं, महिनाभराने एकदा दाखवून जा. त्या आल्या तेव्हा निपलला पाना लावायचीही गरज पडली नाही.

हे मी शिकले ते भद्रकालीतल्या एका चाचांकडे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक फळकूट, पंक्चरचं घमेलं आणि वर टांगलेले टायर. माझ्याकडे तेव्हा व्हिडिओ बघून घेतलेला चाकाचा स्टँड होता, तारांचा ताण मोजायचं मीटर होतं, लांबी काढायचं ॲप होतं. चाचांकडे एक निपलचा पाना, स्क्रूड्रायव्हर आणि खडू.

ते पोत्यावर बसतात, रिम मांडीवर घेतात. हबमध्ये तारा ओवतात त्या एक आतून, एक बाहेरून. पहिली तार व्हॉल्व्हच्या भोकाला लागून, नेहमी अशी की व्हॉल्व्हच्या दोन्ही अंगांच्या तारा समांतर जातील आणि पंपाचं तोंड आरामात शिरेल. एवढं बघितलं तरी चाक कोणी बांधलंय ते कळतं. मग पीळ देतात. प्रत्येक तार तीन तारांना ओलांडते आणि तिसरीच्या वेळी वरून जायची ती खालून जाते, म्हणजे दोघी एकमेकींना टेकून राहतात. पॅडल मारल्याचा जोर हबकडून रिमपर्यंत जातो तो या तिरक्या तारांमुळे. मग स्क्रूड्रायव्हरने सगळे निपल सारखे फिरवायचे, तारेचा आटा दिसेनासा होईपर्यंत. इथपर्यंत ते माझ्याशी गप्पा मारतात. यानंतर नाही.

यानंतर चाक फोर्कात चढतं. चाचा खडू फोर्कला टेकवून धरतात आणि चाक हळू फिरवतात. रिम जिथे बाहेर आली असेल, म्हणजे आऊट असेल, तिथे पांढरी रेघ उमटते. ज्या बाजूला उमटली तिच्या उलट बाजूची तार पाव फेरी आवळायची, त्या बाजूची पाव फेरी सैल करायची. पाव फेरी म्हणजे किती? तारेच्या आट्यांना इंचाला 56 दोरे असतात, म्हणजे निपलच्या एका पूर्ण फेरीत तार अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी सरकते. पाव फेरीला दहावा भाग मिलिमीटर. मी कंपनीत ज्या मापांवर माल नापास करते, जवळपास तेवढंच. चाचांना हा आकडा माहीत नाही, पण त्यांचा हात पाव फेरीवर नेमका थांबतो.

एकदा त्यांनी मला पुष्कळ वेळ नुसतं बसवून ठेवलं आणि एका चाकाच्या तारा नखाने छेडायला लावल्या. म्हणाले, "बेटा, चाक सरळ दिसतंय ना? आता कान लाव. ही टण् बोलते, तिच्या पुढची ठप् बोलते. आऊट काढणाऱ्याने डोळ्यांनी काम केलंय, कानाने नाही. हे चाक शनिवारपर्यंत परत येणार." एका बाजूच्या सगळ्या तारा तंबोऱ्याच्या जोडतारांसारख्या एका स्वरात बोलल्या पाहिजेत, एवढीच त्यांची परीक्षा. मी घरी आणून त्यांच्या हातच्या एका चाकावर मीटर लावलं. उजव्या बाजूला सगळीकडे 110 किलोच्या आसपास ताण आणि एका तारेपासून दुसरीपर्यंत काटा जेमतेम हलला. मी मीटर लावून बांधते तेव्हाही इतकं सारखं जमायला वेळ लागतो.

शेवटचं काम बहुतेक जण करतच नाहीत. चाक सरळ झालं की समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या दोन्ही मुठींत धरून जोरात दाबायच्या, चाकाच्या चहूकडे. तारा आवळताना त्यांच्यात पीळ भरलेला असतो, तो सुटतो आणि कडकड आवाज येतो. तारेचं कोपर हबच्या भोकात नीट बसतं. त्यानंतर चाक थोडं वाकडं होतं, ते परत सरळ करायचं. परत दाबायचं. आवाज यायचा थांबला की चाक झालं. हे न करता दिलेलं चाक पहिल्याच राइडला कुरकुरतं आणि गावाबाहेर पडेपर्यंत आऊट होतं.

माझी एक भर त्यात आहे. निपल बसवण्याआधी तारेचा आटा मी जवसाच्या तेलात बुडवते. आवळताना तेलामुळे निपल हलका फिरतो आणि पुढे काही दिवसांत तेल हवेने सुकून घट्ट होतं, मग खड्ड्यांच्या धक्क्यांनी निपल सुटत नाही. परदेशातले चाकवाले हे फार पूर्वीपासून करतात. आपल्याकडे जवस चटणीसाठी घरात असतोच आणि तेल घाण्यावर मिळतं. कच्चं तेल घ्या आणि थेंबाथेंबानेच वापरा.

चाचांकडे येणारी बहुतेक गिऱ्हाईकं सातपूर-अंबडला जाणारे कामगार, वॉचमन, दूधवाले. काळ्या 28 इंची सायकली, पुढच्या चाकाला 32 तारा आणि मागच्याला 40. या 40 तारांमागे हिशेब आहे. मागे कॅरिअरवर पोतं, कॅन, कधी कधी बायको-मुलगा, आणि खाली जो असेल तो रस्ता. भार जास्त तारांत वाटला गेला की एकेकीच्या वाट्याला कमी येतो. या सायकलीला मागे फ्रीव्हीलचं एकच दातेरी चक्र असल्यामुळे हबचे दोन्ही काठ जवळपास सारख्या अंतरावर असतात, म्हणून दोन्ही बाजूंना ताणही सारखा राहतो. मजबुतीच्या दृष्टीने आपल्या महागड्या सायकलींपेक्षा ते चाक सरस आहे, हे मी मोजून सांगते आहे.

नाशिकला सायकलींचं गाव म्हणतात ते उगाच नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, जवळपास 4800 किलोमीटर. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पार केली. त्यानंतर गावात सायकली किती वाढल्या ते सगळ्यांनी पाहिलं. जूनमध्ये पंढरपूरची सायकल वारी निघते, बीआरएमवाले, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला गाठणारे, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत आणि 600 किलोमीटर चाळीस तासांत मारून येतात, रविवारी मिसळीच्या दुकानांबाहेर सायकली रांगेने उभ्या असतात. मला या सगळ्याचा मनापासून आनंद आहे, मीही त्यात असते. पण या रांगेतल्या कितींना चाचांचं दुकान माहीत आहे? आपण हेल्मेट, जर्सी, घड्याळ यांवर खर्च करतो आणि चाक बांधायची मजुरी दोनशे सांगितली की घासाघीस करतो. दीड-दोन तासांचं, कानाने आणि हाताने करायचं काम आहे ते. चाचांचा मुलगा मोबाइल दुरुस्ती शिकला. त्याला दोष देता येत नाही. गावात सायकल टिकायची तर सायकल दुरुस्त करणाऱ्याचं घर चाललं पाहिजे, आणि ते चालवणं आपल्याच हातात आहे. दोनशे नाही, पाचशे द्या.

घरच्या घरी करण्यासारखं बरंच आहे. महिन्यातून एकदा तारा छेडून बघा. उजव्या बाजूच्या उजव्यांशी, डाव्या बाजूच्या डाव्यांशी ताडून बघायच्या, दोन्ही बाजूंचा स्वर वेगळा असणारच. एखादी ठप् बोलली तर तुटायची वाट न बघता दाखवा. चेन मोजायला बारा इंची स्टीलची पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवलं की बारा इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य आला पाहिजे. तो इंचाचा सोळावा भाग पुढे गेला असेल तर चेन बदला. आठवा भाग गेला असेल तर बहुधा कॅसेटही खाल्ला गेला आहे. आणि शहरात 25 मिलिमीटरचा टायर शंभर पीएसआयवर ठणठणीत फुगवून फिरवू नका. फ्रेममध्ये बसत असेल तर 32 किंवा 35 घाला आणि हवा कमी ठेवा. तारांचे बरेच धक्के तिथेच मुरतात.

दिवाळीनंतर रविवारी दुपारी बाल्कनीत तिघा-चौघांना चाक बांधायला शिकवायचा विचार आहे. चाचा यायला तयार आहेत, त्यांची त्या दिवसाची मजुरी आपण सगळ्यांनी मिळून द्यायची. शिकायला जुनी चाकं लागतील. कुणाच्या माळ्यावर आजोबांची काळी सायकल गंजत पडली असेल, तर ती भंगारात देण्याआधी मला कळवा. रिम गेली असली तरी चालेल. 40 भोकांचा जुना लोखंडी हब बहुतेक वेळा अजून धडधाकट असतो, आणि मला तसलेच हवे आहेत.