आधी गार पाणी, साबण नंतर

आमच्याकडे धुण्याभांड्याला ज्या मावशी येतात त्यांनी काम ठरवतानाच स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, शीचे कपडे सोडून काय पण द्या." मला ते पटलं, कोणी का दुसऱ्याच्या लेकराची शी धुवावी. त्यामुळे घरात नियम असा की त्या क्षणी ज्याच्या कडेवर बाळ नसेल त्याने मोरीत जायचं, मग मी असो की नवरा. (सासूबाई सुटल्या, त्यांनी त्यांच्या काळात तीन पोरांचे लंगोट धुतलेत, पुरे झालं.)

आता लेक दीड वर्षाची आहे, म्हणजे शी-शू, वरणभात, फळं, माती, स्केचपेन असा सगळा माल एकाच फ्रॉकवर. नवीन आया झालेल्या मैत्रिणी फोन करून एकच विचारतात, कुठलं लिक्विड वापरतेस गं. अगं, लिक्विड कुठलं हा अगदी शेवटचा प्रश्न आहे, डाग कशाचा आहे ते आधी बघ, कारण शीला जे चालतं ते हळदीला चालत नाही आणि हळदीला जे चालतं ते मातीला तर अजिबातच नाही.

शीपासूनच सुरू करते. पार मानेपर्यंत गेलेली असते तेव्हा लोक कपडा डोक्यावरून काढतात आणि मग केस पण धुवायला लागतात. त्या खाली बटणं असलेल्या वनझीचा गळा नीट बघा, बऱ्याच वनझींच्या खांद्यावर कापडाचे दोन पदर एकावर एक चढवलेले असतात, ते गळा मोठा व्हावा म्हणूनच असतात. दोन्ही खांदे फाकवायचे, हात बाहेर काढायचे आणि कपडा खाली पायाकडून ओढून काढायचा. डोक्याला काहीही लागत नाही.

मग घट्ट असेल ते कमोडमध्ये झटकायचं, कपडा उलटा करायचा आणि डागाच्या मागच्या बाजूने जेट मारायचा. पुढून मारलं तर घाण अजून धाग्यात घुसते, मागून मारलं की सुटून बाहेर पडते. आणि पाणी गार, नळाचं. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं घाण आहे म्हणजे कढत पाणी हवं, पण शी, दूध, रक्त, अंडं ह्या सगळ्यात प्रोटीन असतं आणि कढत पाण्यात ते अंडं उकडल्यासारखं घट्ट होऊन धाग्याला चिकटतं, मग कितीही चुबका. गार पाण्याने बहुतेक सगळं निघून गेल्यावर मग कोमट पाण्यात एन्झाइमवाली पावडर घालून तासभर भिजवायचं. एन्झाइम असेल तर पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं, आणि साध्या घरातल्या पावडरमध्ये पण बऱ्याचदा असतं. एक एन्झाइम प्रोटीन तोडतं, एक स्टार्च तोडतं, एक तेलतूप, पण ते फार गरम पाण्यात निकामी होतात आणि अगदी बर्फासारख्या पाण्यात सुस्त पडतात, म्हणून कोमट. हे सगळं झाल्यावर उरलेलं धुणं मशीनमध्ये टाका. जुलाब लागले असतील तर मात्र ते कपडे वेगळे ठेवायचे आणि डाग निघाल्यावर ६० डिग्रीला फिरवायचे. बालदीत अँटिसेप्टिकची झाकणं ओतत बसायची पण फॅशन आहे, वास छान येतो, डागाला ढिम्म फरक पडत नाही.

फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांची शी पातळ, मोहरीच्या पिवळ्या रंगाची असते, ती गार पाण्यात पटकन निघते आणि जो पिवळा डाग उरतो तो ओल्यानेच उन्हात टाकला की जातो. खरा खेळ सहा महिन्यांनी वरचं सुरू झाल्यावर.

वरणभात! एका घासात हळद, तूप, डाळ आणि भात, म्हणजे चार प्रकारचे डाग एकावर एक. आधी सुकलेलं चमच्याच्या कडेने खरवडून काढा (नाचणीचं सत्त्व पण असंच, वाळलं की पापुद्रा होतो), गार पाण्याखाली धरा, मग तुपासाठी भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने चोळा. पुढे साबण लावला की पिवळा डाग एकदम लालभडक होतो आणि नवी आई घाबरते की रंग पक्का बसला. नाही बसला. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, साबण अल्कली असतो, संपलं. आपलं पारंपरिक कुंकू हळदीला चुना लावूनच होतं ना, तेच हे. पाण्याने नीट खळबळलं की परत पिवळा. आणि तो पिवळा घासून घासून जात नाही, उगाच कापड विरतं, कर्क्युमिनला ऊन सोसत नाही हे लक्षात ठेवा. धुतलेला ओला कपडा डाग वर करून कडक उन्हात टाका, दुपारपर्यंत निम्मा गेलेला असतो, उरला तर दुसऱ्या दिवशी परत ओला करून टाका. माझ्या मते सगळ्या डाग घालवायच्या महागड्या बाटल्यांपेक्षा आपल्या गॅलरीतलं एप्रिलचं ऊन भारी आहे, आणि फुकट. आंब्याच्या रसाचं पण तेच, पिवळा भाग उन्हात फिका पडतो, देठाचा चीक लागला असेल तर मात्र काळा डाग राहतो, तो विसरा.

केळं फसवं असतं. लागतं तेव्हा काही दिसतच नाही आणि संध्याकाळी बघावं तर तपकिरी, कारण हवा लागून ते काळं पडतं, कापलेलं केळं काळं पडतं तसंच. चिकू, डाळिंब हे सगळे त्याच जातीतले. त्यांना लगेच गार पाणी, आणि पांढरा सुती कपडा असेल तर ऑक्सिजनवालं ब्लीच गरम पाण्यात. क्लोरीनचं ते पातळ पांढरं ब्लीच मी मुलीच्या कपड्यांना लावतच नाही, शूच्या ओल्या लंगोटावर टाकलं तर शूमधल्या अमोनियाबरोबर त्याचा घशाला लागणारा विषारी वायू होतो, आणि व्हिनेगर किंवा ॲसिडबरोबर तर त्याहून वाईट. बंद बाथरूममध्ये हे प्रयोग कृपया नकोत.

अजून एक डाग म्हणजे लोहाचे थेंब. सहा महिन्यांनंतर डॉक्टर देतात, आशाताई पण आठवड्यातून २ वेळा १ मिली सिरप पाजतात, आणि पोरं अर्धं फुर्रकन बाहेर. तो गंजासारखा डाग ब्लीचने उलट गडद होतो. लिंबू पिळा, मीठ भुरभुरा, थोडं उन्हात ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. रंगीत कपडा असेल तर आधी आतल्या शिवणीवर लिंबू लावून बघा. औषध पाजताना गळ्याशी जुनं गडद दुपटं बांधणं सगळ्यात सोपं.

माती मात्र सगळ्याच्या उलट. चिखलाला लगेच पाणी लावायचं नाही, वाळू द्यायचं, झटकायचं, ब्रश मारायचा आणि मग धुवायचं. माझं माहेर रत्नागिरीकडचं, तिथली तांबडी माती कशानेही पूर्ण जात नाही, तिचा रंगच लोहाचा आहे. आम्ही सरळ चार मळखाऊ कपडे "गावचे" म्हणून बाजूला काढलेत, तिथे पोरगी अंगणात लोळली तरी आजीसकट कोणी ओरडत नाही.

तेलाच्या मालिशचं दुपटं आणि झबली वेगळी ठेवा, साठलेलं तेल पिवळं पडतं आणि खवट वास मारतं, धुवायच्या आधी भांड्यांचं लिक्विड लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, मग कोमट पाणी. कापडी लंगोटांना फॅब्रिक कंडिशनर नको, कापडावर त्याचा थर बसतो आणि लंगोट शू शोषेनासाच होतो.

पाण्याबद्दल पण सांगायलाच हवं, कारण आमच्यासारख्या पुण्यातल्या सोसायट्यांत उन्हाळा आला की टँकर नाहीतर बोअर. जड पाण्यात फेस होत नाही म्हणून माणूस अजून पावडर टाकतो, ती धुऊन निघत नाही, कापड कडक होतं आणि बाळाच्या मांड्या लाल. अशा वेळी पावडर वाढवू नका, भिजवायच्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घाला (खायचा नव्हे) आणि मशीन असेल तर एक्स्ट्रा रिन्सचं बटण दाबा. हाताने धुताना शेवटच्या बालदीतलं पाणी बोटांना बुळबुळीत लागलं तर अजून एकदा खळबळा.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कुठून आणायचं हा प्रश्न आहेच. तेव्हा मशीनमध्ये दोनदा पिळून, चिमट्याने एका थराने पंख्याखाली, आणि दमट राहिलंच तर इस्त्री. अर्धवट वाळलेली घडी कपाटात ठेवली की बुरशीचे बारीक काळे ठिपके येतात आणि ते हळदीपेक्षा चिवट. प्रवासात शीचा कपडा पिशवीत बांधला असेल तर घरी पोचल्या पोचल्या बाहेर काढा, बॅगेत रात्रभर नको.

आणि जुन्या कपड्यांचं. बाळाला पहिले काही दिवस घरातल्या मोठ्या भावंडांचे जुने मऊ कपडे घालायची आपल्याकडे छान पद्धत आहे, फक्त ते ट्रंकेत डांबर गोळ्या घालून ठेवलेले असतात. ज्या बाळांना जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी ह्या गोळ्यांमधल्या नॅप्थलिनने फुटतात आणि जोरात कावीळ होऊ शकते, नुसत्या कपड्यांच्या वासातून सुद्धा, आणि ही कमतरता बाळाला आहे की नाही हे जन्मल्या जन्मल्या घरच्यांना माहीत नसतंच. माझ्या जावेला सातवा लागलाय, तिच्यासाठी मी लेकीच्या झबल्यांचं गाठोडं बांधतेय ते बिनगोळ्यांचं, जुन्या सुती साडीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. पाला झटकून एकदा धुऊन उन्हात टाक एवढं तिला सांगितलंय. दोन-तीन झबल्यांवर पुसट पिवळं अजून आहे, ते तिच्या बाळाच्या अंगावर अजून पिवळं होणारच.